परतीचा माल : अमेरिकेतील तातडीच्या ट्रकवाहतुकीत

परतीचा माल म्हणजे ठरल्या ठिकाणी माल उतरवून मोकळा झालेला ट्रक घराच्या दिशेने निघताना त्यात भाड्याने भरून घेतलेला माल. मालवाहतुकीच्या सर्वच शाखांत परतीच्या भाड्याचा प्रश्न असतो. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘एक्स्पेडाइट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या तातडीच्या वाहतुकीत त्याला वेगळे वळण लागते, कारण या धंद्यात ट्रक कोठे जाऊन रिकामा होईल हे चालकाला आदल्या दिवशीदेखील माहीत नसते.

तातडीच्या वाहतुकीत एका गिऱ्हाइकाचा माल एकाच वाहनातून, मधल्या गोदामात न उतरवता, थेट पोहोचवला जातो. मोटारकारखान्याची जुळणी थांबू नये म्हणून पाठवलेले सुटे भाग, रुग्णालयाची यंत्रे आणि प्रदर्शनातील मांडणीचे साहित्य ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. त्यासाठी कार्गो व्हॅन, झोपण्याची सोय असलेला एकसंध सांगाड्याचा स्ट्रेट ट्रक आणि क्वचित पूर्ण ट्रेलर वापरतात. मोटारउद्योगामुळे या धंद्याचे केंद्र मिशिगन, ओहायो, इंडियाना आणि कॅनडाचा ऑन्टारियो प्रांत या पट्ट्यात राहिले. मेक्सिकोच्या सीमेवरील टेक्सासमधले लारेडो हे दुसरे मोठे ठाणे. ओहायोतील रॉबर्ट्स एक्स्प्रेस ही या क्षेत्रातील जुनी कंपनी १९९८ मध्ये फेडेक्सकडे आली आणि २००० पासून फेडेक्स कस्टम क्रिटिकल या नावाने चालू लागली.

कारखान्याची अडचण ट्रकला जेथे नेते, तेथे परत पाठवण्याजोगी दुसरी अडचण असेलच असे नाही. फ्लोरिडात येणारा माल भरपूर, पण भाजीपाल्याचा हंगाम सोडला तर बाहेर जाणारा माल त्या मानाने थोडा. माँटानासारख्या विरळ वस्तीच्या राज्यात उतरलेल्या ट्रकची स्थिती याहून कठीण. त्यामुळे चालक कोठे राहतो यावर त्याचा परतीचा प्रश्न किती सोपा हे बरेचसे ठरते : ओहायो किंवा केंटकीत राहणाऱ्याला घराकडचा माल सहज मिळतो, तर मेन राज्याच्या टोकाला राहणाऱ्याने शेवटचे काहीशे मैल रिकामे काटण्याची तयारी ठेवलेली बरी. अशा रिकाम्या धावेला तेथील चालक ‘डेडहेड’ म्हणतात.

परतीचा माल कोण शोधू शकतो, हे प्रथम कायद्याने ठरते. बहुतेक एक्स्पेडाइट चालक स्वतःचा ट्रक एखाद्या वाहतूक कंपनीला लीजवर देतात आणि त्या कंपनीच्या संघराज्यीय परवान्यावर आणि विम्यावर धावतात. लीजच्या नियमांनुसार करार चालू असेपर्यंत ट्रकचा ताबा आणि जबाबदारी कंपनीची असते. म्हणून अशा चालकाने घराकडे जाताना परस्पर एखाद्या दलालाकडून माल उचलला, तर तो माल ना कंपनीच्या परवान्यात बसतो ना विम्यात. त्याचा मार्ग डिस्पॅचरमार्फतच, म्हणजे ट्रकना कामे वाटून देणाऱ्या कंपनीच्या माणसामार्फतच, जातो. ‘अमुक दिवशी घरी पोहोचायचे आहे’ असे तो चार-पाच दिवस आधी कळवतो आणि कंपनी आपल्या गिऱ्हाइकांत, न मिळाल्यास इतर कंपन्यांत, त्या दिशेचा माल पाहते. सिलेक्टससारखी वाहतूक कंपन्यांची संगणकीय जाळी याच कामाची आहेत : एका कंपनीकडे माल आहे पण जवळ ट्रक नाही आणि दुसरीचा ट्रक तेथेच मोकळा उभा आहे, अशा दोघींची गाठ त्यावर पडते. काही कंपन्या करारातच मुभा देतात, की चालकाने बाहेरचा माल स्वतः शोधावा, मात्र कागदपत्रे कंपनीच्या नावाने व्हावीत आणि भाड्यातील ठरलेला हिस्सा तिला मिळावा. ज्याच्याकडे स्वतःचा परवाना आहे तो थेट दलालाशी बोलू शकतो. पण मग विमा, हिशेब आणि वसुलीही त्याचीच.

हे स्वातंत्र्य फार जुने नाही. १९३५ च्या मोटर कॅरियर कायद्याने आंतरराज्य व्यापार आयोगाकडे परवान्यांचे नियंत्रण दिले आणि अनेक परवान्यांवर कोणता माल कोणत्या मार्गाने न्यायचा हेही लिहिलेले असे. जाताना चालणारा माल येताना चालत नसल्याने ट्रक रिकामे परतत. १९८० च्या कायद्याने ही बंधने बरीच सैल केली. मधल्या काळात चालकांनी आपली सोय आपणच लावली होती. ऑरेगनमधील पोर्टलंडच्या ज्युबिट्झ ट्रकथांब्यावर १९७८ मध्ये ‘डायल-अ-ट्रक’ सेवा सुरू झाली आणि थांब्यावरील पडद्यांवर मालाच्या जाहिराती दिसू लागल्या. आजचे डॅट हे लोड बोर्ड, म्हणजे माल आणि मोकळे ट्रक यांच्या नोंदींचा फलक, तिच्यातूनच वाढले. १९९५ मध्ये ट्रकस्टॉप हे इंटरनेटवरील बोर्ड आले.

लोड बोर्डावर दोन्ही बाजूंनी शोध चालतो. चालक किंवा डिस्पॅचर ट्रकचे ठिकाण, मोकळा होण्याची वेळ, लांबी, वजनाची क्षमता आणि हवी ती दिशा नोंदवतो. दलाल मालाची नोंद करतो. बोर्डावरील बराचसा माल ५३ फुटी ट्रेलरसाठी असल्याने स्ट्रेट ट्रकच्या वाट्याला अर्धवट भरतीचे, काही पॅलेटचे लोड येतात. जाताना गिऱ्हाइकाने संपूर्ण ट्रकचे पैसे मोजलेले असतात, त्यामुळे सोबत दुसरे काही घेता येत नाही. परतताना मात्र दोन-तीन छोटे लोड एकत्र जुळवता येतात, पण ते सर्व पक्षांना मान्य असावे लागते. मागे माल चढवण्या-उतरवण्याची उचलपट्टी, तापमान-नियंत्रण किंवा धोकादायक मालाची परवानगी असलेल्या ट्रकला निवड अधिक मिळते. अनुभवी चालक एका झेपेत घर गाठण्याचा हट्ट धरत नाहीत. थोडे आडवाटेला पण मालाने गजबजलेल्या गावी नेणारा लोड घेऊन तेथून घराकडचा माल शोधणे, असा त्रिकोणी प्रवास पुष्कळदा फायद्याचा ठरतो. शुक्रवारी उचलून सोमवारी घराजवळ उतरवायचा माल सर्वांत आवडता, कारण शनिवार-रविवार घरी जातो. मौल्यवान मालाला ही सोय नाही, कारण ट्रक एकटा सोडता येत नाही.

परतीचे भाडे तातडीच्या भाड्यापेक्षा बरेच कमी असते, आणि येथेच नवख्यांचा हिशेब चुकतो. समजा, घर ९०० मैलांवर आहे आणि इंधन, टायर व देखभाल मिळून मैलाला ८० सेंट खर्च येतो. रिकामे गेल्यास ७२० डॉलर खिशातून जातात. ४५० डॉलरचा एक लोड मिळतो, पण त्यासाठी वाट वाकडी करून एकूण १,१०० मैल होतात आणि दोन दिवस थांबावे लागते. खर्च ८८० डॉलर, तोटा ४३०. म्हणजे रिकामे जाण्यापेक्षा २९० डॉलर वाचले. परंतु त्या चालकाची खर्च वजा जाता सरासरी कमाई दिवसाला २५० डॉलर असेल, तर दोन दिवसांत ५०० डॉलर बुडाले. आकडे मानीव असले तरी पद्धत खरी आहे : भाड्याची तुलना शून्याशी नव्हे, तर वेळेशी करावी लागते. ‘रिकामे कधीच जायचे नाही’ हा लोकप्रिय नियम म्हणूनच विश्वासार्ह नाही.

वेळेवर कायद्याचाही अंकुश आहे. मालवाहू चालकाला १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत ११ तास चालवता येते, आणि आठवडाभर रोज धावणाऱ्या कंपनीत ८ दिवसांत ७० तास कामाची मर्यादा असते. पुढचा माल उचलण्यासाठी रिकामा ट्रक नेणे हेही कामाचेच तास धरले जातात. दोघे चालक, बहुधा नवरा-बायको, आळीपाळीने चालवत असतील तर लांबचा परतीचा माल त्यांना परवडतो. धोकादायक माल नसलेल्या, १०,००१ पौंडांखालील कार्गो व्हॅनला हे संघराज्यीय तासांचे नियम लागू नाहीत.

अनोळखी दलालाकडून माल घेण्यापूर्वी त्याचा परवाना आणि पैसे देण्याची रीत तपासली जाते. २०१३ पासून दलालाला ७५,००० डॉलरची हमी ठेवावी लागते; पण दलाल बुडाला तर ती रक्कम सर्व देणेकऱ्यांत वाटली जाते, त्यामुळे तिच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. एका दलालाकडून घेतलेला माल गुपचूप दुसऱ्याच वाहतूकदाराला देण्याचे प्रकार घडतात, आणि अशा वेळी खरोखर माल नेणाऱ्या चालकाचे भाडे अडकते. दर लेखी आल्याशिवाय ट्रक हलवू नये, हा रिवाज त्यातूनच पक्का झाला आहे.

कॅनडातील चालकांसाठी आणखी एक अडसर आहे. अमेरिकी सीमाशुल्क नियमांनुसार आंतरराष्ट्रीय खेपेच्या अनुषंगाने परतणारा कॅनडाचा ट्रक अमेरिकेतल्या अमेरिकेत माल नेऊ शकतो. परंतु स्थलांतर कायदा परदेशी चालकाला असा देशांतर्गत माल नेऊ देत नाही. परिणामी ट्रकला मिळालेली सवलत ऑन्टारियोच्या चालकाला वापरता येत नाही, आणि त्याला सीमा ओलांडून थेट कॅनडात उतरणाराच माल शोधावा लागतो.