लुईव्हिलची फर्ग्युसन हवेली: घर, फ्यूनरल होम, ग्रंथालय

अमेरिकेतील केंटकी राज्यात, लुईव्हिल शहराच्या साउथ थर्ड स्ट्रीटवर 1310 क्रमांकाची जी भव्य हवेली उभी आहे, तिथे आज फिल्सन हिस्टॉरिकल सोसायटी ही 1884 मध्ये स्थापन झालेली इतिहास-संशोधन संस्था आहे. ही संस्था येथे येण्याआधी सुमारे अर्धे शतक मात्र ही वास्तू फ्यूनरल होम, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या व्यावसायिकाची जागा होती, आणि येथून शहरातील मृतांना अखेरचा निरोप दिला जात होता. एका धनिकाने हौसेने बांधलेले घर अंत्यविधीच्या व्यवसायाकडे कसे गेले हे समजून घ्यायचे, तर त्या घराबरोबरच अमेरिकेतील मृत्यूविषयक चालीरीतींचा इतिहासही पाहावा लागतो.

ही हवेली ज्या भागात आहे, ती ओल्ड लुईव्हिल ही वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरभराटीला आली. 1883 ते 1887 या काळात येथे सदर्न एक्स्पोझिशन हे औद्योगिक प्रदर्शन भरत असे आणि एडिसनचे हजारो विद्युतदिवे हे त्याचे मोठे आकर्षण होते. प्रदर्शन संपल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीवर आणि आसपासच्या रस्त्यांवर उद्योजकांची घरे उभी राहिली. एडविन हाइट फर्ग्युसन हा त्यांपैकीच एक. केंटकी रिफायनिंग कंपनीच्या रूपाने त्याने सरकीच्या तेलाच्या धंद्यात पैसा मिळवला आणि 1902 ते 1905 या काळात विल्यम डॉड या वास्तुविशारदाकडून ही हवेली बांधून घेतली. डॉड शिकागोत विल्यम ले बॅरन जेनी या नामवंत वास्तुविशारदाच्या हाताखाली तयार झालेला होता. पुढे तो लॉस एंजलिसला गेला आणि तिथेही नावारूपाला आला. फ्रेंच वळणाच्या बो-आर्ट शैलीतील या घरावर सुमारे एक लाख डॉलर खर्च झाले. शहरातील सर्वांत महागडे घर म्हणून त्या काळी त्याचा लौकिक होता.

त्या काळातील मोठ्या घराची रचना पाहिली, तर पुढच्या बदलाचे फारसे नवल वाटत नाही. दर्शनी दिवाणखाना हा रोजच्या वापराचा नसून पाहुण्यांसाठी, लग्नासाठी आणि घरात कोणी वारल्यास पार्थिव ठेवण्यासाठी राखलेला असे. दोन दिवाणखान्यांमधले भिंतीत सरकणारे लाकडी दरवाजे उघडले की एक प्रशस्त सभागृह तयार होई. प्रवेशद्वार रुंद असे, बाजूला बग्गी थेट उभी राहील असा छप्पर असलेला थांबा असे, नोकरांसाठी मागचा स्वतंत्र जिना असे. जिन्याच्या वळणावरचे कोनाडे शवपेटी वळवता यावी म्हणून ठेवलेले असत, ही गोष्ट अशा घरांबद्दल हटकून सांगितली जाते. वास्तविक ते मूर्ती किंवा फुलदाणी ठेवण्यासाठी असत, आणि इतक्या उथळ कोनाड्याने शवपेटीला वळायला कितीशी जागा मिळणार, हा साधा विचारही सांगणारे करीत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मृताला आंघोळ घालणे, कपडे चढवणे, रात्रभर जागणे ही कामे घरची आणि शेजारची माणसेच करीत. शवपेटी गावातला सुतार बनवून देई आणि गाडी तबेलेवाला पुरवी. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धाने हे चित्र बदलले. रणांगणावर पडलेल्या मुलाचा देह दूरच्या गावी पोहोचवायचा, तर रसायने भरून तो टिकवणे भाग होते. एप्रिल 1865 मध्ये अध्यक्ष लिंकन यांचे असे जतन केलेले पार्थिव रेल्वेने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला नेण्यात आले. वाटेत शहराशहरांत लाखो लोकांनी त्याचे दर्शन घेतले आणि या प्रक्रियेला समाजमान्यता मिळाली. पूर्वीचे सुतार आणि तबेलेवाले हळूहळू व्यावसायिक झाले, आणि 1882 मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली.

सुरुवातीला हे व्यावसायिक आपली उपकरणे घेऊन मृताच्या घरी जात. पण शहरातील लोक लहान सदनिकांत राहू लागले, रुग्णालयात मृत्यू होण्याचे प्रमाण वाढले, आणि दिवाणखान्याची जागा दुसऱ्या कोणीतरी पुरवण्याची गरज निर्माण झाली. नेमक्या त्याच सुमारास मोटारगाडीमुळे श्रीमंत कुटुंबे उपनगरांकडे सरकत होती, घरनोकर मिळेनासे झाले होते, आणि वीस-पंचवीस खोल्यांची जुनी घरे सांभाळणे वारसांना परवडत नव्हते. अंत्यविधी व्यावसायिकाला ही घरे जणू मापाने शिवल्यासारखी बसली. दिवाणखाना अंत्यदर्शनासाठी, सांडपाण्याची सोय असलेले तळघर देहाच्या तयारीसाठी, बग्गीखाना शववाहिकेसाठी आणि वरचा मजला स्वतःच्या कुटुंबासाठी, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी झाली. शोकाकुल माणसांना दुकानात आल्यासारखे न वाटता घरी आल्यासारखे वाटावे, हा हिशेबही त्यामागे होताच.

शेजाऱ्यांना हे सहजासहजी रुचले नाही. निवासी भागातील असा व्यवसाय मनावर उदासी आणतो आणि घरांच्या किमती पाडतो, अशा तक्रारी घेऊन लोक न्यायालयात गेले. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने 1917 मध्ये ही बाजू मान्यही केली. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीयांचे अंत्यविधी स्वतंत्र व्यावसायिकांकडे असत आणि गोऱ्या गिऱ्हाइकांवर अवलंबून नसल्यामुळे ही मंडळी राजकारणातही निर्भयपणे उतरत. लुईव्हिलमधील ए. डी. पोर्टर या अंत्यविधी व्यावसायिकाने 1921 मध्ये कृष्णवर्णीयांच्या लिंकन इंडिपेंडंट पार्टी या पक्षाच्या वतीने महापौरपदाची निवडणूक लढवली, हे त्याचे ठळक उदाहरण.

फर्ग्युसनने 1924 मध्ये हवेली सोडली, आणि त्याच दशकात ती पीअर्सन या अंत्यविधी व्यावसायिक कुटुंबाकडे आली. हे कुटुंब तिथे राहतही होते आणि व्यवसायही चालवीत होते. पुढच्या दशकांत ओल्ड लुईव्हिलची रया गेली. शेजारच्या कित्येक हवेल्या लहान खोल्यांत विभागून भाडेकरूंना दिल्या गेल्या. मात्र फ्यूनरल होमला मोठी दालने, कोरीव लाकूडकाम आणि नीटनेटका दर्शनी भाग यांची धंद्यासाठीच गरज असते, त्यामुळे हवेलीची मोडतोड टळली. अमेरिकेतील अनेक जुनी घरे आज मूळ रूपात दिसतात, त्याचे श्रेय वारसाजतनाच्या चळवळीइतकेच या व्यवसायालाही द्यायला हवे, असे मला वाटते.

आता हा व्यवसायच अशा घरांतून बाहेर पडतो आहे. 2015 च्या सुमारास अमेरिकेत दहनाचे प्रमाण दफनापेक्षा जास्त झाले आणि मोठ्या दर्शनगृहांची गरज घटली. शिवाय पार्किंगची जागा, अपंगांसाठी उतार आणि जुन्या छपरांची डागडुजी यांचा खर्च लहान कौटुंबिक व्यवसायांना झेपत नाही. लुईव्हिलच्या हवेलीत हा बदल आधीच होऊन गेला होता: 1986 मध्ये फिल्सन सोसायटी येथे आली, आणि 2016 मध्ये शेजारी लुईव्हिलचे उद्योजक ओस्ली ब्राउन दुसरे यांच्या नावाचे इतिहास केंद्र उभारून संस्थेने आपला विस्तार केला.