ओपीटीचा अर्ज: ६० दिवस आहेत म्हणून निवांत बसू नका

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकलेल्यांना डिग्रीनंतर त्याच विषयातलं काम करायला १२ महिने मिळतात, ती ओपीटी (ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग), एवढं सगळ्यांना माहीत असतं. अर्जही तसा अवघड नाही, आय-७६५ हा एकच फॉर्म, ऑनलाइन भरता येतो, फी ४७० डॉलर (कागदावर पाठवला तर ५२०, आणि नाकारला तर परत मिळत नाही). तरी प्रत्येक बॅचमध्ये कुणाचा ना कुणाचा अडकतोच, आणि कारण विचारलं की फिरून फिरून तारखेवरच येतं. नोकरी नाही म्हणून कुणाचा नाकारत नाहीत, कारण अर्जाच्या वेळी ऑफर लेटर लागतच नाही. पण हेच माहीत नसल्यामुळे काही जण ऑफरची वाट बघत बसतात आणि मुदत घालवतात.

पात्रतेचं पटकन उरकतो. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष फुल टाइम शिकलेलं पाहिजे, काम तुमच्या मेजरशी थेट संबंधित पाहिजे, आणि त्या लेव्हलची ओपीटी आधी वापरलेली नको. एका मास्टर्सवर घेतली असेल तर दुसऱ्या मास्टर्सवर परत मिळत नाही, पीएचडी केलीत तर मिळते. सीपीटी (शिक्षण चालू असतानाचं, कोर्सचा भाग म्हणून केलेलं काम) केलेल्यांनी मात्र नीट बेरीज करा, फुल टाइम सीपीटी १२ महिने भरली की त्या लेव्हलची ओपीटी गेली. पार्ट टाइम धरत नाहीत.

आता तारखा. इथे सावकाश वाचा.

सगळं मोजमाप तुमच्या आय-२० वर (कॉलेज देतं तो विद्यार्थी असल्याचा कागद) छापलेल्या प्रोग्राम एंड डेटपासून होतं. पदवीदान समारंभाच्या तारखेपासून नाही, शेवटच्या पेपरपासून नाही, डिग्रीचा कागद हातात आला त्या दिवसापासून तर नाहीच. त्या तारखेच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत अर्ज करता येतो. समजा एंड डेट १५ मे आहे, तर खिडकी साधारण १४ फेब्रुवारीला उघडते आणि १४ जुलैला बंद होते. इथपर्यंत सगळे बरोबर वाचतात, आणि इथेच थांबतात.

यात तिसरी एक मुदत आहे. आधी तुमच्या कॉलेजच्या डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचं बघणारा अधिकारी) सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी सरकारी सिस्टिम) ओपीटीची शिफारस टाकायची असते आणि ती छापलेली नवीन आय-२० तुम्हाला द्यायची असते. ज्या दिवशी ती शिफारस सिस्टिममध्ये पडली त्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज यूएससीआयएसकडे (इमिग्रेशन खात्याकडे) पोचला पाहिजे. म्हणजे वरच्याच उदाहरणात डीएसओने १ मार्चला शिफारस टाकली तर तुमची शेवटची तारीख ३१ मार्च, जुलै नव्हे. आणि उलट शिफारस २० जूनला पडली तर ३० दिवस २० जुलैला होतात पण तोपर्यंत खिडकी १४ जुलैलाच बंद झालेली असते. जी तारीख आधी येईल ती तुमची. कागदावर अर्ज करणार असाल तर पोस्टात टाकल्याची तारीख चालत नाही, त्यांच्याकडे पोचल्याची धरतात, त्यामुळे खरं तर ऑनलाइनच करा.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे घाई. खिडकी उघडली म्हणून काही उत्साही मंडळी नवीन आय-२० यायच्या आधीच फॉर्म भरून पैसे भरून मोकळी होतात, जुनी आय-२० जोडतात आणि नंतर नवीन पाठवू म्हणतात. असं चालत नाही, शिफारस आधी आणि अर्ज नंतर हाच क्रम लागतो, अर्ज नाकारला जातो आणि तोही लगेच नाही, दोन-तीन महिने ताटकळत ठेवून, तोपर्यंत तुमचे ६० दिवस संपलेले असू शकतात आणि परत अर्ज करायला जागाच उरत नाही. त्या ६० दिवसांतले काही शिल्लक असताना कळलं तर नवीन शिफारस घेऊन परत पैसे भरून अर्ज करता येतो, म्हणून म्हणतो की शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. डीएसओच्या ऑफिसलाही नवीन आय-२० काढायला दिवस लागतात आणि मे महिन्यात तिथे काय गर्दी असते ते एकदा जाऊन बघा.

सुरू होण्याची तारीख तुम्हीच निवडायची, एंड डेटनंतरच्या ६० दिवसांतली कुठलीही. नोकरी नसेल तर उशिराची घ्यावी असं वाटतं, त्यामागचा हिशोब पुढे येतोच, पण एक मर्यादा लक्षात ठेवा, ओपीटी एंड डेटपासून १४ महिन्यांच्या आत संपावीच लागते. म्हणजे १४ जुलै मागितली आणि मंजुरी ऑगस्टच्या शेवटी आली तर मधला महिना-दीड महिना गेला, शेवट पुढे ढकलून मिळत नाही.

कागद फारसे नाहीत: पासपोर्ट, व्हिसाचं पान, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद), नवीन आय-२० (सही करून, सही राहिलेली पण येतात), फोटो. फोटो ताजा, ३० दिवसांच्या आतला, दोन बाय दोन इंच. व्हिसाच्या वेळचा फोटो परत वापरू नका, पासपोर्टवरही तोच असेल तर बघणाऱ्याला लगेच कळतं आणि फोटोसाठी आरएफई (आणखी पुरावा मागणारी नोटीस) येते, म्हणजे फोटोसाठी महिनाभर उशीर. आय-९४ म्हणजे पासपोर्टवरचा शिक्का नाही, सीबीपीच्या (सीमा तपासणी खात्याच्या) साइटवरून काढायचा प्रिंट, आणि सर्वात अलीकडच्या प्रवेशाचा. मध्ये कुठे परदेशी जाऊन आला असाल तर जुना चालत नाही. काढल्यावर नाव आणि डी/एस (ठराविक तारखेऐवजी विद्यार्थी आहात तोवर राहता येतं, ही नोंद) बघून घ्या. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी गिव्हन नेममध्ये असतं कधी नसतं, त्यामुळे तीन कागदांवर तीन प्रकारे नाव दिसतं. फॉर्ममध्ये पासपोर्टप्रमाणेच लिहा आणि बाकीची नावं आधी वापरलेल्या नावांच्या रकान्यात टाका.

आणि जो कागद कुणाकडेच नसतो तो म्हणजे जुन्या आय-२०. आधी सीपीटी केली असेल तर ती शिफारस दाखवणारी आय-२० लागते, कॉलेज बदललं असेल आणि सेव्हिस नंबर वेगळा असेल तर तोही सांगावा लागतो. नवीन आली की जुनी फेकून देणारे खूप. जुन्या कॉलेजच्या डीएसओला मेल करून मागता येते, पण ते आधी करा, खिडकी उघडल्यावर नाही. कॅटेगरी सी-३-बी निवडायची, सी-३-ए ही शिक्षण चालू असतानाची आहे, यादीत शेजारी शेजारी असल्यामुळे चुकीची दाबली जाते.

पत्त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. मे किंवा ऑगस्टमध्ये लीज संपते, पोरं घर बदलतात, आणि ईएडी कार्ड (कामाची परवानगी देणारं) जुन्या पत्त्यावर जातं. हे टपाल नव्या पत्त्यावर फॉरवर्ड होईल या भरवशावर राहू नका, ते परत जातं आणि मग ते परत मिळवण्यात जे आठवडे जातात ते तुमच्याच १२ महिन्यांतले. घर बदललं तर १० दिवसांत कळवणं तसंही बंधनकारक आहे. घराचा भरवसा नसेल तर वर्षभर हलणार नाही अशा मित्राचा पत्ता द्या आणि त्याच्या मेलबॉक्सवर आपलं नाव चिकटवा.

कार्ड हातात येणं आणि त्यावरची सुरुवातीची तारीख उजाडणं, दोन्ही झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. घरून लॅपटॉपवर दोन तास, तेही नाही.

आणि प्रोग्राम संपल्यावर अर्ज न करताच घरी जाऊन येतो म्हणू नका, तसं गेलात तर त्या आय-२० वर परत येता येत नाही. अर्ज पेंडिंग असताना जाता येतं म्हणतात, येतं पण, मधेच मंजूर झाला तर परतताना कार्ड आणि ऑफर लेटर दोन्ही विचारतात. शक्यतो थांबा.

आता तो उशिराची तारीख घेण्यामागचा, बेरोजगारीच्या ९० दिवसांचा हिशोब. कार्डवरच्या सुरुवातीच्या तारखेपासून बेरोजगारीचे दिवस मोजायला लागतात, शनिवार रविवार धरून, तुम्ही भारतात असलात तरी धरून. एकूण ९०च चालतात. आठवड्याला किमान २० तास काम असेल तर घड्याळ थांबतं, पण नुसतं काम मिळून थांबत नाही, ते सेव्हिसमध्ये दिसावं लागतं. त्यासाठी एसईव्हीपी पोर्टल नावाचं खातं असतं आणि त्याची लिंक सेव्हिसमधल्या ईमेलवर येते, जो बऱ्याचदा कॉलेजचा असतो आणि पदवीनंतर बंद होतो किंवा मेल स्पॅममध्ये पडून राहतो. मुलगा रोज ऑफिसला जातोय आणि सिस्टिमच्या लेखी तो तीन महिने रिकामा आहे, असं होतं. कॉलेज सोडण्याआधी डीएसओला पर्सनल ईमेल टाकायला सांगा. नोकरी, पत्ता, काहीही बदललं की १० दिवसांत कळवायचं.

७०-८० दिवस झाले की घाबरून लोक अशा कन्सल्टन्सीकडे जातात जी पैसे घेऊन घड्याळ थांबवायला कागदोपत्री नोकरी दाखवते. कळतं, त्या वेळी दुसरं काही सुचत नाही, पण ते नाव तुमच्या रेकॉर्डवर कायमचं राहतं आणि एच-१बी किंवा व्हिसा स्टॅम्पिंगच्या वेळी समोर येतं. त्यापेक्षा आपल्या विषयातलं, २० तासांचं, खरंखुरं विनापगारी काम पहिल्या वर्षात चालतं, कामगार कायद्यात बसत असेल तर. प्रोफेसरांना विचारा, लॅबमध्ये काम असतंच.

स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) पुढचे २४ महिने मिळतात, तिथे बेरोजगारीचे दिवस एकूण १५० होतात पण विनापगारी चालत नाही. हा अर्ज सी-३-सी, ओपीटी संपायच्या ९० दिवस आधीपासून, आणि शिफारशीपासून इथे ३० नाही तर ६० दिवस. मात्र ओपीटी संपायच्या आतच, नंतरच्या ६० दिवसांत हा अर्ज करता येत नाही, पहिल्या वेळचा नियम डोक्यात ठेवून हे चुकवलेले लोक आहेत. कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासणारी सरकारी ऑनलाइन सिस्टिम) हवी, आणि फॉर्मवर जो कंपनीचा ई-व्हेरिफाय नंबर मागतात तो मागितला की एचआर हमखास टॅक्सचा ईआयएन पाठवते. तो नऊ आकडी असतो, नऊ आकडे दिसले की परत मेल करा.