सेना मेडल वेगळं, टेरिटोरियल आर्मी मेडल वेगळं

परवा चाळीसगावकडे एका गावात स्टँडजवळ फ्लेक्स लागलेला, 'सेना पदक विजेते', आणि फोटोतल्या दादांनी बारा वर्षं टेरिटोरियल आर्मीत काढलेली. दरवेळी हेच. टेरिटोरियल आर्मीला मराठीत प्रादेशिक सेना म्हणतात, म्हणून त्यांचं मेडल झालं 'प्रादेशिक सेना पदक', मग जागा पुरत नाही म्हणून पुढचा शब्द उडवला की उरतं सेना पदक, आणि ते पार दुसरंच मेडल आहे.

सेना मेडल सगळ्यांना माहितीये, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या यादीत येतं ते, १९६० ला सुरू झालेलं. ते एखाद्या कामगिरीचं असतं, नोकरीला वर्षही न झालेल्या पोराला मिळू शकतं, मरणोत्तरही मिळतं.

टेरिटोरियलचं मेडल वर्षांचं आहे. जवानांपासून जेसीओपर्यंत (म्हणजे सुभेदार वगैरे) बारा वर्षांच्या सेवेला, अधिकाऱ्यांना वीस वर्षांनी 'टेरिटोरियल आर्मी डेकोरेशन' नावाचा वेगळा सन्मान. आता लोक इथेच चुकतात, बारा वर्षं म्हणजे फौजेतली सलग नोकरी समजतात. टेरिटोरियलवाल्याचं पोट दुसऱ्याच कामावर असतं, वर्षातून महिना-दोन महिने ट्रेनिंग, आणि बोलावणं आलं की पूर्णवेळ वर्दी. आमचे आबा भुसावळला रेल्वेत होते, कॅम्पचा कागद आला की काळी ट्रंक खाली निघायची, आई शेंगदाण्याच्या चटणीचा डबा त्यात बसवायची, आणि आबा परत आले की दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटीवर. अशी बारा वर्षं दोन्हीकडं निभावायची, पेरणी असो की घरात लग्न असो, त्याचं ते मेडल आहे. त्याला शौर्यपदक म्हणून मोठं करायची काहीच गरज नाही, आणि 'विजेते' हा शब्द तर मला अजिबात पटत नाही, मेडल मिळतं, ती काय कुस्ती आहे का.

पण टेरिटोरियलवाला म्हणजे त्याच्याकडे सेना मेडल नसणारच, असंही धरू नका, त्यांच्या जवानांनाही ते मिळालेलं आहे. रिबन बघा, लाल रंग आणि मधोमध बारीक पांढरी रेघ असली की सेना मेडल. तशी नसली तर फ्लेक्सवर 'टेरिटोरियल आर्मी मेडल' असं पूर्ण नाव टाका, अक्षरं बारीक झाली तरी चालतील.