सावलीतला चुना पांढरा नसतो

तुळशीच्या लग्नाआधी आमच्या फोंड्याच्या घरासमोरच्या वृंदावनाला चुना काढला आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात मी स्केचबुक घेऊन सोप्यावर बसले. चारही बाजू पांढऱ्याशुभ्र, म्हणून उन्हातली बाजू कोरी सोडली, सावलीतल्या बाजूवर एचबी पेन्सिलीने हलका हात फिरवला आणि मागचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, लाल चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) म्हणून चांगला गडद केला. चित्र एकदम चपटं झालं!

मग एका जाड कार्डाला दोन भोकं पाडली, एक डोळा मिटून एका भोकातून सावलीतला चुना आणि दुसऱ्यातून उन्हातला चिरा बघितला, तर चिरा उजळ आणि चुना मळकट राखाडी. हिशोब सोपा आहे. भर उन्हात साधारण 1 लाख लक्स (लक्स म्हणजे पडणारा प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश पडतो, मोकळ्या सावलीत 10 हजारच्या आसपास. चुना 80 टक्के प्रकाश परत फेकतो आणि चिरा 20 टक्के असं धरलं तरी चुन्याकडून 8 हजार येतात आणि चिऱ्याकडून 20 हजार, म्हणजे अडीच पट.

मग डोळ्यांना हे दिसत का नाही? कारण मेंदू प्रकाश मोजत बसत नाही, तो शेजारच्या वस्तूशी तुलना करतो आणि सावली वजा करून टाकतो, म्हणून तर पांढरा शर्ट घरात आणि अंगणात पांढराच वाटतो. दृष्टीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅडेल्सन यांनी 1995 मध्ये केलेलं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र बघा, त्यातले दोन चौकोन अगदी एकाच राखाडी रंगाचे आहेत पण सावलीतला पांढरा वाटतो आणि बाहेरचा काळा. रोजच्या जगण्यात ही मोठी सोय आहे, चित्र काढताना मात्र हीच नडते.

त्यात कोरा कागद आणि 6बीचा सगळ्यात गडद काळा यांच्या उजेडात फरक जेमतेम दहा-वीस पटींचा, अंगणात तो कितीतरी जास्त. त्यामुळे टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, जसाच्या तसा उतरवणं शक्यच नाही, कोण कोणापेक्षा गडद एवढा क्रम सांभाळायचा. त्यासाठी डोळे किलकिले करा, बारकावे पुसले जातात आणि मोठे डाग उरतात. गोव्यातल्या सांग्यात 1870 मध्ये जन्मलेले चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रं पणजीत आहेत, तीसुद्धा एकदा अशीच बघा.

दुसऱ्या खेपेला गडगा हलका ठेवला आणि वृंदावनाची सावलीतली बाजू 4बीने भरली. खाली अंगणातल्या लाल मातीवरून उजेड उसळतो, तिथे रबराने जरासं उचललं, पण अगदी जरासंच, कारण ती जागा कितीही उजळ वाटली तरी उन्हातल्या चिऱ्यापेक्षा गडदच असते.