ऑक्सिजन सेन्सर गेलाय, की खरं सांगतोय?

पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला, की बऱ्याच गॅरेजांत निदान ठरलेलं: "ऑक्सिजन सेन्सर गेला." हा सेन्सर एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रणात पेट्रोल कमी की जास्त, ते सांगतो. नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो आणि थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा पेटतो. गिऱ्हाइकाचे हजारो रुपये असे वाया गेलेले पाहून संताप येतो. पी०१७१ म्हणजे 'मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय', एवढंच. सेन्सरचा सिग्नल किंवा हीटर बिघडला तर सहसा पी०१३१, पी०१३५ असे वेगळे कोड येतात.

सेन्सर गेल्याची लक्षणं तुम्हाला ठाऊकच आहेत: ॲव्हरेज पडतं, पिकअप मरतो, पीयूसीत गाडी अडते. पण इनटेकमागचा (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गामागचा) एखादा रबरी व्हॅक्यूम पाइप चिरला आणि तिथून जादा हवा आत शिरू लागली, तरी दिवा तोच लागतो. तेव्हा सेन्सर खरं बोलत असतो.

म्हणून फ्युएल ट्रिम बघा. इंजिनचा कॉम्प्युटर किती टक्के जादा पेट्रोल देतोय, ते त्यात दिसतं. इंजिन गरम करून आयडलिंगला आकडा वाचा, मग २५०० आरपीएमवर धरून पुन्हा वाचा. आयडलिंगला थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, त्यामुळे चिरेतून येणाऱ्या हवेचा वाटा मोठा ठरतो आणि ट्रिम २०-२५ टक्क्यांवर चढतो. थ्रॉटल उघडला की तो वाटा नगण्य होतो, ट्रिम झपकन उतरतो. असं झालं तर पाइप शोधा, सेन्सरला हात लावू नका.

सेन्सर कमी व्होल्टेजवर अडकला असेल, म्हणजे सतत 'पेट्रोल कमी' असंच सांगत असेल, तर ट्रिम उतरत नाही. कॉम्प्युटर फसून पेट्रोल ओततच राहतो, प्लग काढला की कोरडी काळी काजळी दिसते. चांगला साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वरखाली करतो (नव्या वाइडबँड सेन्सरला हे माप लावू नका). आरपीएमबरोबर ट्रिम उलट वाढतच गेला तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर तपासा.

आणि सगळं वाचून होईपर्यंत कोड पुसू देऊ नका. त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, आणि दिवा लागला त्या क्षणीचा आरपीएम, लोड, तापमान तिथेच नोंदलेलं असतं.