मादिराँची तुरट वाइन

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, पिरेनीज पर्वताच्या उत्तरेला, आदूर नदीलगतच्या टेकड्यांवर मादिराँ ही रेड वाइन होते. नावाचं 'मदिरे'शी साम्य निव्वळ योगायोगाचं. तरुण मादिराँचा पहिला घोट तोंड आवळून टाकतो. फार वेळ उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जीभ खरखरीत होते, तसंच.

तुरट ही आपल्याकडे सहा रसांतली एक चव. पण तुरटपणा हा बराचसा स्पर्श आहे. लाळेतल्या प्रथिनांमुळे तोंड बुळबुळीत राहतं. टॅनिन या तुरट द्रव्याचे रेणू त्या प्रथिनांना धरून त्यांच्या गुठळ्या करतात, वंगण जातं आणि जीभ टाळूला घासू लागते. हिरड्यानं किंवा बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात, तिथेही टॅनिन प्रथिनांनाच पकडतं. दुधाचा चहा मवाळ लागतो, कारण टॅनिन दुधातल्या केसीन या प्रथिनात अडकतं.

मादिराँचं मुख्य द्राक्ष टॅनाट. साल जाड, बिया भरपूर, आणि टॅनिन असतं ते नेमकं सालीत आणि बियांत. बिया कच्च्या राहिल्या तर तुरटपणाला ओबडधोबड कडवटपणा येतो. हे द्राक्ष पिकतंही उशिरा. अटलांटिकचा पाऊस सतत येणाऱ्या प्रदेशात खरं तर हा जुगारच. पण शरद ऋतूत दक्षिणेकडून पिरेनीज ओलांडून वारा येतो. डोंगर चढताना त्याची वाफ पाऊस होऊन पडून जाते. उतरताना हवा दाबली जाऊन तापते. हा कोरडा, उबदार वारा घडांवरची ओल सुकवतो आणि द्राक्षं वेलीवर आणखी काही दिवस टिकतात. इथली चिकणमाती, चुनखडी, गोटे यांचंही महत्त्व आहेच, पण मी मोठं श्रेय या वाऱ्याला देईन.

पूर्वी ही वाइन मऊ व्हायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथलेच वाइन उत्पादक पात्रिक द्युकुर्नो यांनी टाकीतल्या वाइनमध्ये ऑक्सिजनचे अगदी बारीक बुडबुडे मोजून सोडायला सुरुवात केली. ऑक्सिजनमुळे थोड्या अल्कोहोलचं अॅसिटाल्डिहाइड होतं, आणि ते टॅनिनचे रेणू एकमेकांशी व लाल रंगद्रव्यांशी जोडतं. तुरटपणाची धार बोथट होते, रंग टिकाऊ होतो. लाकडी पिंपात हवा झिरपून हेच हळूहळू घडत असतं.

गास्कोन्य या इथल्याच प्रदेशात मादिराँसोबत बदकाचं मांस खातात, त्याच्याच चरबीत मंद शिजवलेलं. टॅनिन मग मांसातल्या प्रथिनांत आणि चरबीत गुंततं, लाळेच्या वाट्याला थोडंच उरतं.