खडा तोच, कोंदण नवे

रोमन कोरीव खडा आज अंगठीत किंवा गळ्यातल्या पदकात मिरवतो, पण मुळात तो सही करण्याचे साधन होता. आकृती खोल आणि उलटी कोरलेली. मेणावर दाबली की सुलटी उठते. रोमन सम्राट ऑगस्टसने आधी स्फिंक्स, मग अलेक्झांडर आणि शेवटी डायोस्कुरिडीस या कारागिराने कोरलेला स्वतःचा चेहरा मुद्रेसाठी वापरला. अशा कामाला लाल अकीक उत्तम. कठिनता 6.5 ते 7, कण इतके बारीक की कोरलेली कड ढासळत नाही, आणि मेणही सहज सुटते. कमानीने फिरवलेल्या सळईच्या टोकाला तेलात कालवलेली कुरुंदाची (अतिशय कठीण खनिजाची) पूड लावत. कापायची ती पूडच.

अकीकजातीचा हा माल आपल्या पैठणहूनही जाई. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापार-पुस्तिकेत तो गाड्यांतून बरीगाझा, म्हणजे भरुच बंदरात उतरत असल्याची नोंद आहे.

खडे टिकले, कोंदणे मात्र दगा देत. वेल्समधल्या कार्लियन इथे रोमन लष्करी स्नानगृहाच्या गटारात 88 खडे सापडले. वाफेने चिकटद्रव्य मऊ पडले, खडा निसटला आणि पाण्याबरोबर वाहून गेला. स्नान करणाऱ्याला घरी गेल्यावर रिकामी अंगठी दिसली असेल. मध्ययुगात असेच जुने खडे संतांचे अवशेष ठेवण्याच्या चर्चच्या सोनेरी पेट्यांवर जडले गेले; जर्मनीतल्या कोलोनच्या तीन राजांच्या पेटीवर ते आजही आहेत. अठराव्या शतकात इटलीच्या सहलीहून परतणारे धनिक ते घेऊन येऊ लागले, तशी नक्कलही वाढली. पोलिश राजपुत्र पोनियातोव्स्कीच्या संग्रहातले सुमारे 2,500 खडे प्राचीन म्हणून गाजले, पण बहुतेक त्याच्याच हयातीत कोरलेले होते. 1839 मध्ये लंडनला त्यांचा लिलाव झाला.

म्हणून खडा घेताना 10 पट भिंगाखाली पाहा. जुन्या खड्याच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे असतात आणि कोरीव कडा किंचित गोलावलेल्या असतात. तरी नुसत्या कोरीवकामावरून वय ठरत नाही, त्यामुळे 1970 पूर्वीपासून (त्या वर्षी प्राचीन वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार झाला) खडा कोणाकडे होता याचे कागद मागाच.

कोंदणासाठी 22 कॅरेट सोन्याची पातळ भिंत घ्यावी. मऊ सोने हाताच्या दाबाने वळते. 18 कॅरेटला जोर लावावा लागतो आणि तिथेच कडेचा टवका उडतो. मागची बाजू बहुधा फुगीर किंवा वेडीवाकडी असते. ती घासून सपाट करू नका, बैठकच तिच्या आकाराची करा. झाळकाम खडा बसवण्याआधी उरकावे, कारण उष्णतेने आतली जुनी चीर पसरते. दागिने साफ करण्याच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात खडा घालूच नये. रोमन काचेचे खडे तर आणखी नाजूक. त्यांचे पापुद्रे सुटतात. ते अंगठीत नकोत, पदकातच बसवावेत, आणि कोरड्या मऊ कापडाने पुसावेत.